२३०० दिवस, १८४४ आणि ६६६: शेवटच्या काळाचा हिशेब कोणत्या पायरीवर चुकतो? (चर्चामंचावरचा धागा; प्रत्येक नोंदीच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव)

शब्दसूची

ग्रहण लागलं, पश्चिम आशियात युद्ध पेटलं, की जगाच्या शेवटाची एखादी नवी तारीख फिरू लागते. बायबलमधल्या दानीएल पुस्तकातले अंक, प्रकटीकरण पुस्तकातले अंक, वर एक बेरीज, आणि खाली 'हा संदेश दहा जणांना पाठवा'. ख्रिस्ताच्या पुनरागमनावर विश्वास ठेवावा की नाही हा प्रश्न या धाग्यात नको. तारीख काढतात कशी, आणि प्रत्येक पायरीवर काय गृहीत धरतात, एवढंच तपासू.

यासाठी सगळ्यात स्वच्छ उदाहरण विल्यम मिलरचं. न्यूयॉर्क राज्यातल्या लो हॅम्प्टनचा हा शेतकरी १८१२ च्या युद्धात लढून आलेला. पुढे बॅप्टिस्ट झाला आणि पवित्र शास्त्र व एक शब्दसूची एवढ्याच सामग्रीवर दोन वर्षं बसून १८१८ मध्ये निष्कर्षाला पोचला: साधारण २५ वर्षं उरली आहेत. माणूस प्रामाणिक होता आणि पायऱ्या उघड मांडत होता, म्हणून त्याचा हिशेब तपासता येतो.

पायरी पहिली, दानीएल ८:१४. पवित्रस्थान किती काळ तुडवलं जाईल, या प्रश्नाचं उत्तर: २३०० 'संध्याकाळ-सकाळ', मग पवित्रस्थानाची शुद्धी. मिलरने पवित्रस्थान म्हणजे पृथ्वी घेतली, आणि शुद्धी म्हणजे २ पेत्र ३ मधला अग्नी.

पायरी दुसरी, एक दिवस म्हणजे एक वर्ष. आधार गणना १४:३४ आणि यहेज्केल ४:६.

पायरी तिसरी, मोजायला सुरुवात कुठून? आठव्या अध्यायात सुरुवातच दिलेली नाही. म्हणून नवव्या अध्यायातली ७० सप्तकं (सात-सातचे ७० गट, म्हणजे ४९०) आणली. ९:२४ मध्ये 'नेख्ताख' हे हिब्रू क्रियापद आहे. अर्थ 'नेमलेली' किंवा 'कापून काढलेली'. मिलरने 'कापलेली' हा अर्थ धरला: ४९० वर्षं २३०० मधूनच कापली, म्हणजे दोन्हींची सुरुवात एक. हा शब्द अख्ख्या हिब्रू शास्त्रात एकदाच येतो, ताडून पाहायला दुसरी जागा नाही. शिवाय आठवा अध्याय बेलशस्सराच्या तिसऱ्या वर्षातला, नववा दारयावेशाच्या पहिल्या. सगळा डोलारा या एका शब्दावर.

पायरी चौथी, नवव्या अध्यायात मोजणी जिथून सुरू होते ती यरुशलेम पुन्हा बांधण्याची आज्ञा म्हणजे एज्रा ७ मधलं अर्तहशश्त राजाच्या सातव्या वर्षाचं पत्र. साल इ.स.पू. ४५७.

पायरी पाचवी, २३०० उणे ४५७ बरोबर १८४३. पडताळा म्हणून ४९० उणे ४५७ बरोबर ३३, म्हणजे मिलरच्या मते क्रूसाचं वर्ष.

लोकांना पटलं ते पुढच्या गोष्टीमुळे. वेगवेगळ्या वाटांनी तेच उत्तर येत होतं. दानीएल १२:१२ मधले १३३५ दिवस इ.स. ५०८ पासून मोजले की १८४३. लेवीय २६ मधली 'सात पट' शिक्षा २५२० वर्षं धरून इ.स.पू. ६७७ पासून मोजली की १८४३. एवढ्या वाटा एका गावाला जातात म्हटल्यावर गाव खरंच असणार, असं कोणालाही वाटेल. पण ५०८ आणि ६७७ ही वर्षं मजकुरात कुठेच नाहीत. उत्तर आधी ठरलं, मग तिथून मागे मोजत जाऊन सुरुवातीला बसेल अशी घटना शोधली.

आता शून्य वर्ष. इ.स.पू. १ नंतर थेट इ.स. १ येतं, मधे शून्य नाही. म्हणून इ.स.पू. ४५७ च्या शरद ऋतूपासून पूर्ण २३०० वर्षं मोजली तर १८४४ चा शरद येतो. ही चूक मिलरच्या लोकांनी नंतर दुरुस्त केली, आणि नेमकी ती दुरुस्तीच त्यांच्या पडताळ्याच्या मुळावर येते. ज्या वाटा इ.स.पू. मधून निघतात त्या एक वर्ष पुढे सरकल्या. ५०८ वरून निघालेली वाट इ.स. मध्येच आहे, ती १८४३ वरच राहिली. सगळ्या वाटा एकत्र आल्या होत्या त्या चुकीच्या वजाबाकीमुळे! सुरुवातीचं वर्ष ओढूनताणून सरकवल्याशिवाय हा सांधा पुन्हा जुळत नाही.

तिथीनिश्चय

उत्तम मांडणी. चौथ्या पायरीवर थोडी भर.

४५७ हे सालही एका गृहीतकावर उभं आहे. अर्तहशश्ताचा बाप झर्क्सिस याचा खून इ.स.पू. ४६५ मध्ये झाला. पर्शियन पद्धतीत राजाचं पहिलं वर्ष पुढच्या निसानपासून (मार्च-एप्रिल) धरतात. म्हणजे पहिलं वर्ष ४६४ च्या वसंतात सुरू, सातवं ४५८ च्या वसंतात. एज्रा पहिल्या महिन्यात बाबेलहून निघून पाचव्या महिन्यात पोचला, म्हणजे साल ४५८. तिश्रीपासून (सप्टेंबर-ऑक्टोबर) वर्ष धरलं, तर सातवं वर्ष ४५८ च्या शरदापासून ४५७ च्या शरदापर्यंत जातं आणि प्रवास ४५७ मध्ये पडतो. बहुतेक इतिहासकार ४५८ लिहितात. काही जण तर हा राजा अर्तहशश्त दुसरा मानून एज्राला इ.स.पू. ३९८ ला नेतात.

अजून एक. एज्रा ७ मधलं पत्र शब्दशः वाचा. मंदिरासाठी चांदी-सोनं, बैल, मेंढे, कोकरं, न्यायाधीश नेमण्याचा अधिकार, सगळं आहे. नगर बांधायची आज्ञा तेवढी नाही. नगराची गोष्ट नहेम्या २ मध्ये येते, त्याच राजाच्या विसाव्या वर्षी.

शेवटी ठरलेल्या २२ ऑक्टोबर १८४४ या दिवसाचं गणितही सांगून ठेवतो. मिलरने स्वतः दिवस दिला नव्हता, २१ मार्च १८४३ ते २१ मार्च १८४४ असा पट्टा दिला होता. तो कोरडा गेल्यावर ऑगस्ट १८४४ मध्ये न्यू हॅम्पशायरमधल्या एक्सेटरच्या मेळाव्यात सॅम्युएल स्नोचा मुद्दा गाजला: वल्हांडणाला क्रूस झाला, म्हणजे वसंतातले सण पहिल्या येण्यात पूर्ण झाले, तर शरदातला प्रायश्चित्ताचा दिवस दुसऱ्या येण्यात पूर्ण व्हायला हवा. तो सातव्या महिन्याचा दहावा दिवस, लेवीय १६ आणि २३. पण त्या वर्षी यहुद्यांनी हा दिवस २३ सप्टेंबरलाच पाळला होता. स्नोने यहुद्यांतल्याच कराई पंथाची रीत धरली. तिथे जव पिकल्यावर पहिला महिना ठरतो. त्यामुळे अख्खा महिना पुढे, २२ ऑक्टोबर. एका चांद्रमासाचा फरक, आपल्याकडच्या अधिक महिन्यासारखा.

वाटपाहणी

तुम्ही दोघांनी फार बारकाईने लिहिलंय. एक गोष्ट मात्र निष्पक्षपणे नोंदवली पाहिजे. २२ ऑक्टोबर गेल्यावर सगळ्यांनी हिशेब सोडला नाही. हायरम एडसन आणि त्याच्या सोबत्यांनी तारीख ठेवली आणि घटना बदलली: शुद्ध व्हायचं पवित्रस्थान पृथ्वी नसून स्वर्गातलं आहे (इब्री ८ आणि ९), आणि त्या दिवशी ख्रिस्ताने तिथे न्यायाच्या तपासणीचं काम सुरू केलं. यातूनच पुढे, १८६३ मध्ये, सेव्हन्थ-डे अॅडव्हेंटिस्ट मंडळी संघटित झाली. पुण्यातलं स्पायसर विद्यापीठ याच मंडळीचं. त्या मंडळीत पुढची तारीख काढत नाहीत, हेही लिहायला हवं. मिलरने स्वतः चूक जाहीरपणे कबूल केली आणि १८४९ मध्ये वारला, पण येणं जवळ आहे ही आशा त्याने शेवटपर्यंत सोडली नाही.

माझा प्रश्न दिवस-वर्ष नियमाचा. यहेज्केल ४:६ मध्ये देव स्पष्ट म्हणतो की एका वर्षासाठी एक दिवस. मग नियम चुकीचा कसा?

शब्दसूची

वाटपाहणीताई, दोन्ही उतारे शेजारी ठेवून बघा. गणना १४ मध्ये हेर ४० दिवस फिरले, म्हणून ४० वर्षं रानात. यहेज्केलाने ३९० दिवस एका कुशीवर आणि ४० दिवस दुसऱ्या कुशीवर निजायचं, कारण इस्राएल आणि यहूदाच्या पापाची तेवढी वर्षं. दोन्हीकडे बदल कसा करायचा ते तिथल्या तिथे सांगितलंय. पहिल्यात दिवसाचं वर्ष होतं, दुसऱ्यात उलट वर्षाचा दिवस. 'जिथे जिथे भविष्यवाणीत दिवस येईल तिथे वर्ष घ्या' असं वाक्य कुठेही नाही.

नियम खरा असेल तर सगळीकडे चालवावा लागेल. प्रकटीकरण २० मधली १००० वर्षं ३६० ने गुणून ३,६०,००० कोणी करत नाही. योनाचे तीन दिवस तीन वर्षं होत नाहीत. म्हणजे कुठे गुणायचं आणि कुठे नाही, हे उत्तर पाहूनच ठरतं.

मळणी

मग २३०० होते तरी कशाचे? मूळ मजकूर काय सांगतो ते कोणी मांडेल का?

तिथीनिश्चय

दानीएल ८ स्वतःच उलगडा करतो, २० व्या आणि २१ व्या ओवीत. दोन शिंगांचा मेंढा म्हणजे मेदी आणि पारसी राजे, बकरा म्हणजे ग्रीस, मोठं शिंग म्हणजे पहिला राजा. ते मोडून चार शिंगं येतात, आणि त्यातल्या एकातून लहान शिंग. शिकंदराच्या राज्याचे तुकडे आणि त्यातल्या सिरियाच्या गादीवरचा अँटिओकस चौथा. त्याने यरुशलेमच्या मंदिरातलं नित्याचं होमार्पण बंद पाडलं. इ.स.पू. १६७ च्या किसलेव (नोव्हेंबर-डिसेंबर) महिन्यात वेदीवर परकी वेदी चढवली. यहुदी बंडाचा पुढारी यहूदा मक्काबी याने १६४ च्या २५ किसलेवला मंदिर पुन्हा शुद्ध केलं. तोच यहुद्यांचा हनुक्का सण.

आता 'संध्याकाळ-सकाळ'. हिब्रूत 'एरेव बोकेर' असे दोन शब्द नुसते शेजारी आहेत, मधे 'आणि' नाही. निर्गम २९ प्रमाणे रोज दोन कोकरं, एक सकाळी, एक संध्याकाळी. बंद पडलं तेच हे अर्पण. म्हणून अनेक अभ्यासक २३०० अर्पणं म्हणजे ११५० दिवस धरतात. हा आकडाही हातात घेऊन बघा. किसलेव १६७ ते किसलेव १६४ म्हणजे एक अधिक महिना धरून ३७ चांद्रमास, सुमारे १०९३ दिवस. ११५० त्यापेक्षा ५७ दिवसांनी जास्त. पूर्ण २३०० दिवस घेतले तर १६४ च्या डिसेंबरातून मागे इ.स.पू. १७० च्या ऑगस्टच्या आसपास पोचतो, आणि काही जण ते ओनिया या प्रमुख याजकाच्या खुनाच्या काळाशी जोडतात. कोणताही आकडा दिवसाला दिवस चपखल बसत नाही. पण संदर्भ मंदिर, वेदी आणि अर्पणाचा आहे, याबद्दल मजकूर स्पष्ट आहे.

'शुद्ध होईल' हेही भाषांतराचं काम आहे. हिब्रू 'निस्दाक' म्हणजे 'न्याय मिळेल, योग्य स्थितीला येईल'. ग्रीक भाषांतराने 'शुद्ध होईल' केलं आणि तिथून इतर भाषांत आलं. स्नोला प्रायश्चित्ताच्या दिवसाचा धागा याच शब्दातून मिळाला. मुळातला शब्द न्यायाचा आहे.

थोडं अवांतर: रायगडकडच्या बेने इस्राएल या यहुदी समाजात हनुक्का पूर्वी नव्हता. त्यांचे पूर्वज मंदिराच्या या शुद्धीकरणाआधीच निघाले असावेत, असा तर्क त्यावरून केला जातो.

वाटपाहणी

इथे माझी हरकत आहे. सगळं अँटिओकसवर संपत असेल, तर मत्तय २४:१५ मध्ये येशू 'दानीएलाने सांगितलेला ओसाडी करणारा अमंगळ पदार्थ' ही गोष्ट पुढे घडणारी म्हणून का सांगतो? त्याच्या काळी अँटिओकस मरून जवळपास दोनशे वर्षं झाली होती. शिवाय दानीएल ११:४५ मधला शेवट, समुद्र आणि पवित्र पर्वताच्या मधे, अँटिओकसला लागू पडत नाही. तो पर्शियाकडे मेला.

शब्दसूची

हरकत योग्य आहे, आणि दोन्ही मुद्दे जुने व वजनदार आहेत. तिसऱ्या शतकात ख्रिस्ती धर्माचा टीकाकार पोर्फिरी याने दानीएलाचं पुस्तक अँटिओकसच्याच काळात लिहिलं गेलं असं म्हटलं. बायबलचा अनुवादक जेरोम याने त्याला उत्तर देताना ११ व्या अध्यायाच्या उत्तरार्धात ख्रिस्तविरोधक पाहिला. आजचे बहुतेक चिकित्सक अभ्यासक याच ४० ते ४५ ओव्यांवरून पुस्तकाचा काळ ठरवतात: तिथपर्यंत इतिहास तपशीलवार जुळतो, मग सुटतो, म्हणजे लेखन राजाच्या मरणाआधीचं.

मत्तय २४:१५ साठी लूक २१:२० शेजारी ठेवा. तिथे त्याच जागी 'यरुशलेमला सैन्यांचा वेढा पडलेला पाहाल' असं येतं. म्हणजे लूक हे वचन रोमी वेढ्याला लावतो. इ.स. ७० मध्ये टायटसने मंदिर जाळलं. जुन्या घटनेचा साचा नव्या संकटाला लावणं ही संदेष्ट्यांची रीतच आहे, आणि 'एक पूर्ती झाली, मोठी पूर्ती बाकी आहे' हे तुमचं वाचन त्या रीतीत बसतं. माझं म्हणणं एवढंच की साचा पुन्हा वापरता येतो, आकडे पुन्हा वापरता येत नाहीत. लूकने २३०० ची बेरीज केलेली नाही.

मळणी

७० सप्तकांचं अजून एक गणित फिरतं, 'येशूच्या यरुशलेम प्रवेशाचा दिवस अचूक निघतो' असं. १,७३,८८० दिवस. त्यात काय आहे?

तिथीनिश्चय

ते सर रॉबर्ट अँडरसनचं, स्कॉटलंड यार्डमधले वरिष्ठ अधिकारी. ७० पैकी 'अभिषिक्त' येईपर्यंतची ६९ सप्तकं म्हणजे ४८३ वर्षं, प्रत्येक ३६० दिवसांचं, गुणाकार १,७३,८८०. सुरुवात नहेम्या २ वरून १४ मार्च इ.स.पू. ४४५, शेवट ६ एप्रिल इ.स. ३२. मधली ४७६ वर्षं गुणिले ३६५ म्हणजे १,७३,७४०, अधिक मार्च-एप्रिलचे २४ दिवस, अधिक लीप दिवस ११६. बेरीज तंतोतंत.

गडबड त्या ११६ मध्ये आहे. दोन्ही तारखा ज्युलियन पंचांगातल्या, आणि ज्युलियनमध्ये दर चौथं वर्ष लीप, म्हणजे ४७६ वर्षांत ११९. चार शतकांत तीन लीप वगळायचा नियम ग्रेगोरियन, १५८२ चा. दोन पंचांगं मिसळली म्हणून तीन दिवस नाहीसे झाले आणि बेरीज जुळली. दुसरी अडचण चंद्राची. इ.स. ३२ मध्ये वल्हांडणाची पौर्णिमा १४ एप्रिलच्या सुमाराची, ती अँडरसनच्या आठवड्यात बसत नाही. १४ निसानला शुक्रवार येणारी वर्षं ३० आणि ३३, म्हणून क्रूसाच्या सालासाठी इतिहासकार त्या दोहोंतच वाद घालतात.

३६० दिवसांचं वर्ष प्रकटीकरण ११ वरून घेतात, कारण तिथे ४२ महिने आणि १२६० दिवस एकच आहेत. ती गोल संख्या आहे. यहुद्यांचं चालू पंचांग चांद्र, अधिक महिना घालून सूर्याशी जुळवलेलं. अधिक महिना नसता तर वल्हांडण सगळ्या ऋतूंतून फिरला असता.

मळणी

आणि यहोवाचे साक्षीदार सांगतात ते १९१४ साल?

शब्दसूची

थोडक्यात: दानीएल ४ मधले 'सात काळ', प्रकटीकरण १२ मधल्या साडेतीन काळांच्या दुप्पट, म्हणून २५२० दिवस, म्हणून २५२० वर्षं. सुरुवात यरुशलेमच्या पाडावापासून. आधी इ.स.पू. ६०६ धरलं होतं, शून्य वर्षाची चूक लक्षात आल्यावर ६०७. पाडावाचं साल मात्र ५८७ किंवा ५८६. नबुखद्नेस्सराच्या ३७ व्या वर्षाची ग्रहांची निरीक्षणं एका बाबेली मातीच्या पाटीवर आहेत आणि ती इ.स.पू. ५६८-६७ लाच जुळतात. तिथून मागे मोजलं की ६०७ ला जागा उरत नाही. शिवाय दानीएल ४ मधले सात काळ त्याच अध्यायात राजाच्या वेडाचे म्हणून पूर्ण झालेले आहेत.

अक्षरगणक

६६६ वर कोणी आलं नाही, म्हणून लिहितो.

प्रकटीकरण १३:१८ म्हणतं की श्वापदाची संख्या मोजा, ती माणसाची संख्या आहे. हिब्रू आणि ग्रीकमध्ये वेगळे अंक नव्हते, अक्षरंच अंक होती, म्हणून प्रत्येक नावाला बेरीज होती. मराठी वाचकाला कटपयादी आठवेल, पण तिथे अक्षरांनी संख्या लपवतात. इथे नावाची बेरीज करतात. 'नेरोन कैसर' हिब्रूत: नून ५०, रेश २००, वाव ६, नून ५०, मिळून ३०६. कोफ १००, सामेख ६०, रेश २००, मिळून ३६०. एकूण ६६६. 'कैसर' मध्ये योद हे अक्षर का घेतलं नाही, ही नेहमीची शंका. मृत समुद्राकाठच्या मुरब्बात या ठिकाणी सापडलेल्या, नीरोच्याच कारकिर्दीतल्या एका दस्तात हे नाव असंच, योदशिवाय लिहिलेलं आहे.

मोठा पुरावा पाठभेदात आहे. काही जुन्या हस्तलिखितांत ६६६ ऐवजी ६१६ आहे, इजिप्तमधल्या ऑक्सिरिंकसला सापडलेल्या पपायरस ११५ मध्येही. लॅटिन धाटणीने 'नेरो' लिहिलं की शेवटचा नून जातो, ५० कमी होतात, ६१६ उरतात. दोन्ही संख्यांना एकच नाव बसतं.

तरी सावध राहा. इ.स. १८० च्या सुमारास इरेनियस या ख्रिस्ती आचार्याला ६१६ माहीत होतं, त्याने ते नाकारलं, आणि ६६६ साठी ग्रीक 'लातेइनोस' सुचवलं: ३०, १, ३००, ५, १०, ५०, ७०, २००. तेही ६६६ होतं! बेरीज जुळणं पुरेसं नाही, ते यामुळेच. इंग्रजीच्या पहिल्या अक्षराला ६, दुसऱ्याला १२, अशी किंमत ठरवली तर 'कॉम्प्युटर' ची बेरीजही ६६६ येते. ही किंमत मात्र कोणत्याही काळी कोणी मोजणीसाठी वापरलेली नव्हती.

बारकोडचं: 'तीन लांब रेघा म्हणजे तीन सहा' असं सांगतात. त्या संहितेत उजव्या बाजूचा ६ सात खणांचा असतो, १०१००००. कडेच्या लांब रेघा फक्त १०१, मधली ०१०१०. डोळ्यांना दोन बारीक रेघा सारख्या दिसतात, वाचणाऱ्या यंत्राला त्या ६ नाहीत.

आणि एक विनंती. १३:१८ वर थांबू नका, अध्यायाची रेघ पुसून १४:१ वाचा. लगेच कोकरा सियोनावर उभा आहे आणि त्याच्या १,४४,००० लोकांच्या कपाळावर त्याचं आणि पित्याचं नाव आहे. त्याआधी ७:३ मध्ये दासांच्या कपाळी शिक्का आहे. यहेज्केल ९:४ मध्ये अमंगळ गोष्टींमुळे उसासे टाकणाऱ्यांच्या कपाळावर खूण आहे. अनुवाद नावाच्या पुस्तकात ६:८ मध्ये देवाची वचनं हातावर आणि डोळ्यांच्या मधे बांधायची आहेत. कपाळ आणि हात ही निष्ठेची जागा आहे, श्वापद तिथेच आपली खूण लावून तिची नक्कल करतं. हे वाचलं की चिप आणि कार्ड शोधायची गरज राहत नाही.

सात_दिवे

अक्षरगणक, शेवटच्या परिच्छेदाला मनापासून +१.

प्रकटीकरण वाचताना होणारी सगळ्यात मोठी चूक म्हणजे ते वेळापत्रक समजणं: सात शिक्के, मग सात कर्णे, मग सात वाट्या, एकामागून एक. मजकूर तसं करू देत नाही. ६:१३ मध्ये सहाव्या शिक्क्याला तारे पृथ्वीवर पडतात आणि आकाश गुंडाळलं जातं. ८:१२ मध्ये चौथ्या कर्ण्याला ताऱ्यांचा फक्त तिसरा हिस्सा काळवंडतो. पडून गेलेले तारे परत कुठून आले? ११:१८ मध्ये मेलेल्यांच्या न्यायाची वेळ येते आणि १२ व्या अध्यायात बाळ जन्मतं. बेटं ६:१४ मध्ये हलतात, १६:२० मध्ये पळतात. तिसऱ्या शतकाच्या अखेरीस पेतौच्या व्हिक्टोरिनसनेच लिहून ठेवलंय की वाट्या कर्ण्यांचीच गोष्ट पुन्हा सांगतात. एकच डोंगर वेगवेगळ्या अंगांनी दाखवावा तसं.

विश्वासणारे आकाशात 'उचलून घेतले जाण्या'बद्दलही लिहिते. १ थेस्सलनीकाकरांस ४:१७ मधला ग्रीक शब्द 'अपांतेसिस'. मराठीत याला नेमका शब्द आहे, सामोरं जाणं. पालखी येते तेव्हा गाव वेशीपर्यंत सामोरं जातं, आणि पालखीबरोबर गावात परत येतं. पालखीबरोबर निघून जात नाही. मत्तय २५:६ मध्ये कुमारी वराला सामोऱ्या जातात आणि त्याच्यासोबत घरात येतात. प्रेषितांची कृत्ये २८:१५ मध्ये रोमचे बंधू पौलाला सामोरे येतात आणि तो रोमकडेच जातो. संकटाआधी मंडळी गुपचूप निघून जाईल ही शिकवण १८३० च्या दशकात जॉन नेल्सन डार्बीच्या वर्तुळातून पसरली, आणि १९०९ च्या स्कोफिल्डच्या बायबलमधल्या टिपांमुळे घरोघरी पोचली. त्याआधीच्या अठरा शतकांत ती अशा रूपात मंडळीची शिकवण नव्हती.

वाटपाहणी

पालखीचं उदाहरण ऐकून ओवी पहिल्यांदा नीट दिसली. १००० वर्षांबद्दल मी अजूनही शब्दशः मानते, पण ते राहू दे. न्यायाबद्दल कोणी लिहा. सगळा धागा तारखांचा झाला.

सात_दिवे

खरंय. न्यायाचे तीन उतारे एकत्र वाचावेत असं मला वाटतं.

पहिला आमोस, इ.स.पू. आठवं शतक. पहिल्या दोन अध्यायांत न्याय फेरी मारतो: दिमिष्क, गज्जा, सोर, अदोम, अम्मोन, मवाब. ऐकणारे इस्राएली प्रत्येक शेजाऱ्याच्या नावाला मान डोलवत असणार. मग यहूदा. मग एकदम इस्राएल, आणि आरोप काय? नीतिमानाला रुप्यासाठी आणि गरिबाला एका जोड्यासाठी विकलं. ५:१८ मध्ये तो विचारतो की परमेश्वराच्या दिवसाची तुम्हाला कशाला हौस? सिंहापासून पळालेल्याला अस्वल गाठतं, घरात शिरून भिंतीला हात टेकवतो तर साप डसतो. भिंतीला टेकलेला तो हात बघा. माणूस सुटलो म्हणून श्वास घेतोय.

दुसरा मत्तय २५:३१ पासून. मेंढरं आणि शेरडं. प्रश्नपत्रिका सहा ओळींची: भुकेल्याला अन्न, तान्हेल्याला पाणी, परक्याला घर, उघड्याला वस्त्र, आजाऱ्याची विचारपूस, कैद्याची भेट. तारखेचा प्रश्न नाही. आणि दोन्ही बाजूंचे लोक एकच विचारतात, 'प्रभू, आम्ही तुला कधी पाहिलं?' उजवीकडच्यांनाही माहीत नव्हतं.

तिसरा प्रकटीकरण २०:११ ते १५. पुस्तकं उघडतात, आणि मग आणखी एक, जीवनाचं पुस्तक. पहिल्या पुस्तकांत कृत्यं, दुसऱ्यात नावं. कृत्यांनी न्याय आणि कृपेने नाव, हे दोन्ही त्याच पाच ओव्यांत आहे. एकच धरलं की उपदेश वाकडा होतो.

मळणी

एक शेवटचं विचारतो. प्रकटीकरण ६:६ मधली गव्हाची किंमत नक्की किती? आणि 'तेल व द्राक्षारस यांना धक्का लावू नको' याचा अर्थ?

तिथीनिश्चय

काळा घोडा, स्वाराच्या हातात तराजू. भाव असा: एका दिनाराला एक खोइनिक्स गहू, किंवा तीन खोइनिक्स जव. खोइनिक्स म्हणजे साधारण एक लिटरचं माप, एका माणसाचं एका दिवसाचं धान्य. दिनार म्हणजे मजुराचा रोज, मत्तय २०:२ प्रमाणे. नेहमीच्या भावाच्या आठ ते सोळा पट महाग, असं भाष्यकार काढतात.

हिशेब घरातला करून बघा. बापाने दिवसभर राबून गहू आणला तर एकटाच खाईल. बायको आणि दोन पोरं असतील तर जवच आणावे लागतील, तिघांचे चौघांत वाटावे लागतील. भाडं, सरपण, मीठ, कशालाच काही उरणार नाही. धान्य मिळतंय, म्हणून याला कोणी दुष्काळही म्हणणार नाही.

तेल आणि द्राक्षारस ही बड्या मळ्यांची पिकं. वेलीची आणि जैतुनाची मुळं खोल, पाऊस चुकला तर आधी धान्य जातं. सुमारे इ.स. ९२ मध्ये डोमिशियनने प्रांतांतले निम्मे द्राक्षमळे तोडायचा हुकूम काढला होता, तो नीट अमलात आलाच नाही. ओवीत त्याचाच उल्लेख आहे असं काही जण म्हणतात. तसं धरलं नाही तरी, प्रकटीकरण ज्यांना लिहिलं त्या सात मंडळ्यांच्या आशिया या रोमी प्रांतात जव विकत घेणाऱ्याला ही ओळ कोणाबद्दल आहे हे विचारावं लागलं नसेल. मळे कोणाचे होते ते त्याला माहीत होतं.